दोन याद्या आणि एक सामान्य माणूस

नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या प्रवाशाला आग्रा रस्त्यावर एकीकडे पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो आणि दुसरीकडे अंबडची औद्योगिक वसाहत. एके काळी अंबड हे शहराबाहेरचे खेडे होते. कारखाने आले, त्यांच्या शेजारी सिडकोची घरे उभी राहिली आणि शेतांच्या बांधांची जागा भूखंडांच्या क्रमांकांनी घेतली. अशा वसाहतीत राहणाऱ्या माणसाचा शासनाशी येणारा संबंध हा मुख्यतः कागदाचा संबंध असतो. भूखंडाचा भाडेपट्टा, घराचे खरेदीखत, कर्जाचा करारनामा, नोकरीसाठी करून द्यावयाचे प्रतिज्ञापत्र या साऱ्यांच्या मुळाशी मुद्रांकाचा एक कागद असतो. त्यावरील राजमुद्रा पाहिली की सामान्य माणूस निश्चिंत होतो. हा कागद वर्षानुवर्षे ज्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला गेला, ती अंबडपासून दूर नाही. ती याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकरोडला आहे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या कागदावरच्या विश्वासाला तडा गेला. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याने १९९४ साली मुद्रांकविक्रीचा रीतसर परवाना मिळवला आणि पुढे स्वतःच मुद्रांक छापण्यास प्रारंभ केला. नाशिकरोडच्या छापखान्यातून भंगार म्हणून बाहेर पडलेली यंत्रसामग्री त्याच्या हाती गेली होती, असे तपासात पुढे आले. बँका, विमा कंपन्या, दलाली पेढ्या यांनी त्याचे कागद विकत घेतले. या अवधीत मुद्रांक विभाग होता, कोषागारे होती, लेखापरीक्षण होते, पोलीसही होते. परंतु तेलगीविरुद्ध चिकाटीने तक्रारी करणाऱ्यांत होता तो त्याच्याच गावचा, खानापूरचा, एक साधा सामाजिक कार्यकर्ता. नोव्हेंबर २००१ मध्ये तेलगीला अजमेर येथे अटक झाली. त्यानंतरही तपास रेंगाळू लागला, तेव्हा अण्णा हजारे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि तपासावर न्यायालयाची देखरेख आली. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना अटक झाली ती त्यानंतर. त्यांपैकी काही जण पुढे न्यायालयात दोषमुक्तही ठरले.

ज्यांना या कामाचे वेतन मिळत होते, त्यांना जे दिसले नाही किंवा ज्यांनी ते पाहिले नाही, ते ज्यांचा या खात्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा माणसांच्या दृष्टीस का पडावे? हा प्रश्न केवळ एका घोटाळ्यापुरता नाही. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत महाराष्ट्रात सत्तेची जी मोठी गुपिते उघडकीस आली, त्यांतील बहुतेकांच्या आरंभी असा एखादा बाहेरचा, बिनअधिकाराचा, हौशी माणूस उभा असलेला आढळतो.

कट नव्हे, संगनमत

राजकीय रहस्यकथांनी आणि चित्रपटांनी वाचकाला एक चित्र दाखवून ठेवले आहे. अंधाऱ्या खोलीत चार माणसे बसतात, कारस्थान शिजते, आणि एखाद्या निष्पाप माणसाच्या हाती चुकून त्याचा धागा लागतो. मराठी आणि हिंदी पडद्याने मात्र हे चित्र अधिक सावधपणे रंगविले. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’मध्ये (१९७९) पत्रकार दिगू याला सर्व काही कळते, पण जे कळले त्याचे करायचे काय, हे त्याला कळत नाही. कुंदन शहा यांच्या ‘जाने भी दो यारों’मध्ये (१९८३) दोन नवशिके छायाचित्रकार बिल्डर आणि पालिका अधिकारी यांचे साटेलोटे छायाचित्रात पकडतात; शेवटी कैद्यांचे कपडे त्यांच्याच अंगावर चढतात. या दोन्ही चित्रपटांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. सत्तेतील गैरप्रकार हा बहुधा चार जणांचा कट नसतो. तो चाळीस जणांचे संगनमत असतो.

कट आणि संगनमत यांत भेद आहे. कटात प्रत्येकाला संपूर्ण योजना माहीत असते. संगनमतात प्रत्येक जण आपल्यापुरती एक सही करतो. एक टिपणी लिहितो, दुसरा ‘मान्य’ असा शेरा मारतो, तिसरा क्षेत्रफळ वाढवून देतो, चौथा सुधारित खर्चास मंजुरी देतो. प्रत्येकाचा कागद स्वतंत्रपणे पाहिला तर बहुधा नियमात बसतो. गैरप्रकार असतो तो दोन कागदांच्या मधल्या जागेत. आणि ते दोन कागद दोन वेगळ्या कपाटांत, पुष्कळदा दोन वेगळ्या कार्यालयांत पडलेले असतात. आतल्या माणसाला आपले कपाट ठाऊक असते. शेजारच्या कपाटात डोकावणे त्याच्या कर्तव्यात बसत नाही आणि हिताचे तर त्याहून नसते. बाहेरच्या माणसाला ही सवय नसते. तो दोन्ही कागद मागतो आणि ते एकमेकांशेजारी ठेवतो.

कार्यालयात काम केलेल्या कोणाही लिपिकाला ही किमया अपरिचित नाही. आवक नोंदवही आणि जावक नोंदवही ताडून पाहिली की हरवलेला कागद कोठे अडला ते कळते. शिक्षकालाही ती ठाऊक आहे. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखे असले तर संशय येत नाही. दोहोंत एकच चूक असली म्हणजे येतो. सत्तेची गुपिते उघडकीस आणण्यास याहून निराळे कसब क्वचितच लागते.

चार प्रकरणे, एकच रीत

१९८१ साली सिमेंट ही नियंत्रित वस्तू होती. घर बांधणाऱ्याला शासनाकडून कोटा मिळवावा लागे. त्याच सुमारास मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्या पुढाकाराने इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान व अन्य विश्वस्त निधी उभे राहिले आणि त्यांत देणग्यांचा ओघ सुरू झाला. कोट्याच्या कागदांत देणगीचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते आणि देणगीच्या पावत्यांत सिमेंटचा. अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये ३१ ऑगस्ट १९८१ रोजी या प्रकरणास वाचा फोडली, तेव्हा त्या लेखनाचे बळ या दोन याद्या शेजारी ठेवण्यात होते. कोणाला किती पोती मिळाली आणि कोणी किती रुपये दिले? मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये सिमेंटवाटप आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. शौरी हे अर्थात व्यवसायाने पत्रकार, हौशी नव्हते. परंतु ती रीत याच प्रकरणाने महाराष्ट्राला शिकविली.

पुढे ही रीत खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या हाती आली. कुलाब्यातील आदर्श सहकारी गृहनिर्माण संस्थेची ३१ मजली इमारत कोणापासून लपविणे शक्यच नव्हते. मुंबईच्या आकाशरेषेत ती उघड उभी होती. गुपित होते ते इमारतीत नव्हे, सभासदांच्या यादीत. जनआंदोलनांचा एक कार्यकर्ता आणि एक योगशिक्षक यांसारख्या माणसांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्जांमागून अर्ज केले. परवानग्या देणाऱ्यांची नावे एका यादीत होती आणि सदनिका मिळविणाऱ्यांची दुसऱ्या. त्या शेजारी ठेवताच नातीगोती दिसू लागली. ९ नोव्हेंबर २०१० रोजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. पुढे न्यायमूर्ती पाटील चौकशी आयोगाने १०२ सभासदांपैकी २५ जण अपात्र असल्याचे नमूद केले.

तिसरे प्रकरण पुन्हा नाशिककडे येते. दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ च्या आरंभी राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांना पत्र लिहून पाटबंधारे प्रकल्पांच्या फुगलेल्या खर्चाकडे आणि निकृष्ट कामांकडे लक्ष वेधले. ते शासनातले असले तरी प्रकल्पांच्या कंत्राटी व्यवहारापासून दूर, प्रशिक्षण संस्थेत होते. याच काळात अंजली दमानिया यांच्यासारख्या, पेशाने रोगनिदानशास्त्राशी संबंधित असलेल्या नागरिक महिलेने कर्जत तालुक्यातील कोंढाणे धरणाची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मागविली होती. परंतु लोकांच्या मनावर सर्वाधिक आघात केला तो कोणत्याही गोपनीय कागदाने नव्हे. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण दहा वर्षांत १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्के झाल्याचे छापलेले होते. वाढ होती केवळ ०.१ टक्क्याची. त्याच दशकात सिंचनावर झालेला खर्च सुमारे ७० हजार कोटी रुपये असल्याचे सांगितले जात होते. एक आकडा एका पुस्तकात, दुसरा दुसऱ्या पुस्तकात. दोन्ही ग्रंथालयात बसून वाचता येण्यासारखे होते. अडचण एवढीच होती की कोणी ते एका कागदावर लिहून पाहिले नव्हते. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. शासनाने श्वेतपत्रिका काढली आणि सिंचनवाढीची निराळी आकडेवारी मांडली. डिसेंबर २०१२ मध्ये पवार मंत्रिमंडळात परतले, आणि २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नसल्याचे न्यायालयास कळविले.

तेलगी प्रकरण हे या मालिकेतील चौथे. तेथेही प्रश्न दोन संख्यांचाच होता. सरकारी छापखान्याने किती मुद्रांक दिले आणि बाजारात किती फिरले? हे गणित मांडणे शासनाला सर्वांत सोपे होते. पुष्कळ काळ ते मांडले गेले नाही.

फोडलेले कुलूप आणि मिळालेली किल्ली

बाहेरच्या माणसांनी शासनाचे गुपित उघड केल्याचे जगातील एक अत्यंत विलक्षण उदाहरण अमेरिकेतील आहे. ८ मार्च १९७१ च्या रात्री, सारा देश महंमद अली आणि जो फ्रेझर यांच्या मुष्टियुद्धात गुंतलेला असताना, पेन्सिल्व्हेनिया राज्यातील मीडिया या लहानशा गावी एफबीआयच्या कार्यालयात आठ माणसे शिरली. त्यांचा प्रमुख विल्यम डेव्हिडन हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. जॉन रेन्स हा धर्मशास्त्र शिकवीत असे. त्याची पत्नी बॉनी बालसंगोपन केंद्र चालवी. कुलूप उघडण्याचे काम ज्याच्याकडे होते तो कीथ फोर्साइथ टॅक्सी चालवीत असे आणि ही कला त्याने टपालाद्वारे चालणाऱ्या अभ्यासक्रमातून शिकली होती. त्यांनी कपाटे रिकामी केली, कागद सुटकेसमध्ये भरले आणि निवडक प्रती वृत्तपत्रांना धाडल्या. वियतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या नागरिकांवर, विद्यार्थ्यांवर आणि कृष्णवर्णीयांच्या संघटनांवर सरकार पाळत ठेवीत असल्याचे त्यांतून सिद्ध झाले. एका चिठ्ठीवर ‘कॉइंटेलप्रो’ असा एक अनाकलनीय शब्द होता. कार्ल स्टर्न या दूरचित्रवाणी पत्रकाराने त्या एका शब्दाचा पाठपुरावा न्यायालयापर्यंत केला, तेव्हा विरोधकांना बदनाम करून त्यांच्यात फूट पाडण्याची एक संपूर्ण गुप्त मोहीम उजेडात आली. पुढे सिनेटच्या चर्च समितीने तिची चौकशी केली. त्या आठ जणांना सरकार कधीही पकडू शकले नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आपली नावे २०१४ साली, म्हणजे ४३ वर्षांनी, स्वतःहून सांगितली.

ही कथा रोमहर्षक आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यातील एक गोष्ट विसरता कामा नये. या सज्जन माणसांना कायदा मोडावा लागला. सत्य जाणून घेण्याचा कायदेशीर मार्ग अपुरा पडला, म्हणून प्राध्यापकाला चोर व्हावे लागले. पकडले गेले असते तर रेन्स दांपत्याची लहान मुले उघड्यावर पडली असती. नागरिकाला कुलूप फोडणे भाग पडावे, यात त्या लोकशाहीची शोभा नव्हती.

महाराष्ट्राने या बाबतीत निराळी वाट चोखाळली, ही अभिमानाची गोष्ट मानावयास हवी. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा माहिती अधिकार कायदा आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा लागू झाला. कुलूप फोडण्याऐवजी नागरिकाच्या हाती किल्ली आली. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावलेला साधा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, न मिळाल्यास पहिले अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. नाशिकलाही आयोगाचे खंडपीठ आहे. एवढेच नव्हे, तर या कायद्याने नागरिकाला केवळ कागदाची प्रत नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार दिला आहे.

याचा अर्थ काय, हे अंबडच्या एखाद्या गल्लीचे उदाहरण घेतले तर सहज ध्यानात येईल. समजा, पावसाळ्याच्या आधी झालेला रस्ता गणपती येईपर्यंत उखडला. नागरिक चिडतात, दूषणे देतात, आणि दुसऱ्या दिवशी खड्डे चुकवीत कामावर जातात. परंतु एखाद्या निवृत्त शिक्षकाने कार्यादेश, मोजमाप पुस्तक आणि अदा केलेले देयक यांच्या प्रती मागितल्या, आणि त्यांत नोंदलेली डांबराची जाडी रस्त्याच्या प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहिली, तर त्याच्या हाती तक्रार राहत नाही, पुरावा येतो. सिमेंटच्या प्रकरणात आणि या गल्लीच्या रस्त्यात फरक आहे तो रकमेचा. रीत तीच आहे.

किल्ली झिजविण्याचे उपाय

दिलेली किल्ली उघडपणे काढून घेणे कोणत्याही शासनाला सोपे नसते. ती झिजविणे मात्र सोपे असते. २०१२ साली महाराष्ट्राने नियम दुरुस्त करून अर्जाची मर्यादा १५० शब्द ठरविली आणि एका अर्जात एकच विषय असावा असे बंधन घातले. कामकाजाच्या सोयीसाठी हे आवश्यक असल्याचे समर्थन करता येईल. अवाढव्य आणि त्रासदायक अर्जही येतात, हे खरे आहे. परंतु दोन याद्या शेजारी ठेवणे हेच ज्याचे काम, त्याला दोन विषय दोन अर्जांत, दोन अधिकाऱ्यांकडे, दोन अपिलांत वाटून घ्यावे लागतात. अर्थात वाट अडत नाही, लांबते. आणि २०२३ च्या मध्यास राज्य माहिती आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी प्रलंबित होत्या. तीस दिवसांत मिळावयाचे उत्तर वर्षांनी मिळणार असेल, तर तोवर रस्त्यावर दुसरे डांबर पडलेले असते.

याहून गंभीर बदल केंद्राच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने घडविला. पूर्वी वैयक्तिक स्वरूपाची माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय, व्यापक लोकहित तिच्या प्रकटीकरणास अनुकूल आहे काय, याचा विचार त्या कलमातच अंतर्भूत होता. नव्या दुरुस्तीने ते शब्द वगळले आणि वैयक्तिक माहिती एवढ्याच कारणास्तव नकार देण्याची सोय झाली. लोकहितासाठी माहिती देण्याची तरतूद कायद्यात अन्यत्र शिल्लक आहे, हे मान्य. पण ती वापरावयाची की नाही हे प्रथम ठरविणार तोच अधिकारी, ज्याच्या कपाटात यादी आहे. आदर्शच्या सभासदांची नावे ही वैयक्तिक माहिती नव्हती काय? देणगीदारांची नावे नव्हती काय? नावे झाकली तर नाती झाकली जातात, आणि नाती झाकली तर संगनमत पुन्हा निव्वळ सह्यांचा गठ्ठा होऊन बसते. व्यक्तीच्या खाजगीपणाचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु सार्वजनिक पैशाचा लाभ घेणाऱ्याचे नाव हे त्याच्या आजाराइतके किंवा घरगुती पत्रव्यवहाराइतके खाजगी मानता येणार नाही.

आणि तिसरी गोष्ट प्राणांची. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार उजेडात आणले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता त्यांची हत्या झाली. नाशिक जिल्ह्यातच मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. ते तर शासनाचेच उच्चाधिकारी होते. अधिकाऱ्याची ही गत, तर अर्जदाराची काय कथा? गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला. राष्ट्रपतींची त्यावर सही झाली, पण तो अमलात मात्र आणला गेला नाही. कायदा पुस्तकात आहे आणि माणूस रस्त्यावर एकटा आहे.

हौशी म्हणजे कच्चा नव्हे

बाहेरच्या माणसाचा असा गौरव करताना त्याच्या उणिवांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. संशयाचे व्यसन लागते. ज्याला एकदा एक संगनमत सापडले, त्याला पुढे प्रत्येक सहीत संगनमत दिसू लागण्याचा धोका असतो. आदर्शची जमीन कारगिलच्या वीरांसाठी आणि वीरपत्नींसाठी राखून ठेवलेली होती, असे त्या वेळी सर्वत्र बोलले गेले आणि लोकांच्या संतापाचे ते मोठे कारण ठरले. चौकशी आयोगाने मात्र जमीन राज्य शासनाची होती आणि तिच्यावर तसे आरक्षण नव्हते, असे म्हटले. सभासदत्वाचा गैरप्रकार खरा ठरला. त्याभोवती गुंफलेली हृदयद्रावक कथा आयोगापुढे टिकली नाही. तेलगी प्रकरणात ३० हजार कोटींसारखे आकडे वृत्तपत्रांतून फिरले. नाशिकच्या न्यायालयात चाललेला, रेल्वेतून मुद्रांकांच्या चोरीसंबंधीचा खटला ३१ डिसेंबर २०१८ रोजी पुराव्याअभावी आरोपींच्या निर्दोष मुक्ततेत संपला. तेलगी स्वतः इतर खटल्यांत २००६ आणि २००७ साली दीर्घ मुदतीच्या शिक्षा होऊन ऑक्टोबर २०१७ मध्येच मरण पावला होता. अंतुले यांच्यावरील फौजदारी खटलाही वर्षानुवर्षे चालला, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला आणि दोषसिद्धीविना विरला. पुढे ते केंद्रात मंत्री झाले.

यातून दोन बोध होतात. पहिला असा की उघडकीस येणे आणि सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत. चित्रपट पहिलीवर संपतो. लोकशाहीचे काम तेथून सुरू होते, आणि ते काम अर्जदाराचे नव्हे. तपास यंत्रणांचे, सरकारी वकिलांचे आणि न्यायालयांचे आहे. ते फसले की दोष ज्याने दार उघडले त्याला देऊन चालणार नाही. दुसरा बोध अर्जदारासाठी आहे. मराठीत ‘हौशी’ या शब्दाला हीन अर्थ नाही. दिवसभर कचेरीत फायली हाताळून रात्री राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमीला जाणारा लिपिक हौशी असतो. परंतु पाठांतरात चुकला तर प्रेक्षक त्याला हौशी म्हणून सूट देत नाहीत. सत्तेला प्रश्न विचारणाऱ्यानेही कागदावर जेवढे आहे तेवढेच बोलावे, आकडा फुगवू नये, आणि एक यादी दाखवून दुसरीविषयी तर्क करू नये. त्याच्याजवळ पद नाही, पैसा नाही, संरक्षण नाही. त्याची एकमेव मिळकत म्हणजे त्याची विश्वसनीयता.

शासनाने ध्यानात घ्यावयाची गोष्ट त्याहून साधी आहे. या दोन याद्या शासनाने स्वतःच शेजारी ठेवल्या तर कोणाही शेट्टीला सकाळी घराबाहेर पडताना जिवाची भीती वाटणार नाही. कायद्याचे चौथे कलम नेमके हेच सांगते. नागरिकाने मागण्याची वाट न पाहता कामे, खर्च, सवलती आणि त्यांचे लाभार्थी यांची माहिती शासनाने आपण होऊन जाहीर करावी, असे ते बजावते. त्या कलमाचे मनापासून पालन झाले तर माहिती मागणाऱ्यांची गर्दी आपोआप ओसरेल आणि आयोगापुढचे ढीगही उतरतील. ते होत नाही तोवर कोणीतरी अर्ज लिहिणे प्राप्त आहे.

तो कोणी म्हणजे कोण, याचे उत्तर अंबडसारख्या वसाहतीतच सापडेल. पाळी संपवून घरी आलेला कामगार, वह्या तपासून झालेली शिक्षिका, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी यांच्यापैकी कोणालाही कुलूप फोडावयाचे नाही. नाशिकरोडच्या छापखान्याची यंत्रे एका माणसाच्या हाती गेली तेव्हा देशभर खोटे कागद फिरले. एका छोट्या तिकिटाच्या आणि एका कागदाच्या बळावर सामान्य माणूस आज खऱ्या कागदाची मागणी करू शकतो. त्या मागणीचा हक्क १५० शब्दांत आक्रसत जाणार की शासनाच्या कपाटांपर्यंत पोचणार, हे शेवटी किती जण तो वापरतात यावर अवलंबून आहे. न वापरलेली किल्ली गंजते, आणि गंजलेली किल्ली काढून घेतली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.